तोंडी साक्ष चालणार नाही

बस डेपोत तिला सगळे वकीलीण म्हणायचे. कोर्टाची पायरी ती आयुष्यात चढली नव्हती आणि शाळाही अर्ध्यावर सुटली होती. पण वरून आलेल्या परिपत्रकावर सगळे सही करून मोकळे व्हायचे, तेव्हा ही बाई बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायची आणि मान वर करून विचारायची, "हे 'आवश्यकतेनुसार' म्हणजे कुणाच्या आवश्यकतेनुसार?" मॅनेजरच्या कपाळावर आठी पडायची. मागे उभे असलेले ड्रायव्हर एकमेकांना कोपर मारायचे. "लागली बघ वकीलीण कामाला."

ती बस चालवायची. त्या डेपोतली पहिली बाई ड्रायव्हर. सुरुवातीला शिकवायला कुणी तयार नव्हतं. कुणाला वेळ नव्हता, कुणाच्या बायकोला आवडणार नव्हतं. एकच माणूस शेजारी येऊन बसला, तो मामा. मामा म्हणजे सगळ्या डेपोचा मामा, सख्खा कुणाचाच नाही. जाड मिशी, खर्जातला आवाज, आणि क्लच असा सोडायचा की मागच्या सीटवरच्या पोराची झोप मोडू नये. "पोरी, गाडी पायाने नाही, पाठीने चालवायची," असं म्हणायचा. "पाठीला कळतं, चाक कुठे आहे ते." तिला ते कळायला वर्ष लागलं. कळलं ते कायमचं.

आता बाईचं नाव का झालं, ते सांगायला हवं. कारण पुढचं सगळं त्याच नावापायी झालं.

पूर्वी डेपोत नोंदवह्या होत्या आणि नोंदवह्या सुपरवायझरच्या टेबलात असायच्या. कोणती बस कोणाकडे, कोणी कसली तक्रार केली, सगळं त्यात. अपघात झाला की पान बदलायचं. लांबड्या म्हणून एक ड्रायव्हर होता, दारातून वाकून येणारा. त्याने ब्रेक नरम आहे म्हणून तक्रार लिहिली होती. दुसऱ्या दिवशी ब्रेक लागला नाही आणि बस दुकानात घुसली. वहीत बघतात तर तक्रारीच्या जागी 'गाडी ठीक' आणि खाली लांबड्याचीच सही. सुपरवायझर म्हणाला, माझ्यासमोर केली. दोन कारकून म्हणाले, आम्ही बघितली. लांबड्या घरी बसला.

त्यावर संप झाला. वकीलीण पुढे होती. त्याच सुमारास शहरातल्या सगळ्या गाड्या एकमेकींना जोडायचं चाललं होतं. प्रत्येक बसमध्ये एक डबी. बस किती वेगात आहे, ब्रेक कधी दाबला, पुढच्या चौकातला सिग्नल काय म्हणतो, शेजारून जाणारी मोटार किती लांब आहे, या सगळ्या गोष्टी डब्या आपापसात बोलणार. कंपनीला त्या डब्यांची सगळी माहिती आपल्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर हवी होती. वकीलीण म्हणाली, "म्हणजे वहीच झाली की! फक्त खोडरबर महागातला."

मग ती शोधत सुटली. रात्रशाळेच्या मास्तरांना विचारलं, मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, लायब्ररीत जाऊन बसली. तिथे तिला ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींची साखळी, सापडली. संपाच्या मांडवात टेबलावर उभी राहून तिने ती अशी सांगितली: "एकाच्या कानात सांगितलेली गोष्ट उद्या नाकारता येते. भर चौकात सांगितलेली नाकारता येत नाही. हे तसंच आहे. आपल्या बसची नोंद प्रत्येक बसच्या डबीत जाणार, सिग्नलच्या डबीत जाणार, युनियनच्या कॉम्प्युटरवर येणार. आणि प्रत्येक नोंदीची गाठ आधीच्या नोंदीला मारलेली. मधली एक कडी कुणी हळूच बदलायला गेला, की पुढच्या सगळ्या गाठी सुटतात आणि बाकीचे सगळे ओरडतात, हा खोटारडा आहे! साहेबाच्या बापालाही खोडता येणार नाही!"

टाळ्या पडल्या. लांबड्याने तर तिला उचलायचंच बाकी ठेवलं.

कंपनी शेवटी वाकली. करार झाला. त्यातलं सातवं कलम तिने स्वतः सांगितलं आणि शब्द न् शब्द तसाच लिहून घेतला: वाद झाल्यास साखळीतली नोंद अंतिम. हाताने लिहिलेला कागद, ड्युटीचा तक्ता आणि तोंडी साक्ष चालणार नाही. तोंडी साक्ष चालणार नाही, हे लिहिताना मॅनेजरचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला कॅमेराही तिने काढायला लावला. "आम्ही गाडी चालवतो, तुरुंगात नाही बसलेलो." लांबड्या परत कामावर आला. बाईचं नाव झालं.

*

डेपोची एक जुनी रीत होती. बसचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर उभ्या राहिलेल्या बसमधली हवा उतरते, ती भरेपर्यंत बस जागची हलत नाही. म्हणून पहाटे जो पहिला येईल त्याने रांगेतल्या सगळ्या बस सुरू करून ठेवायच्या. बाकीचे येतील तोवर हवा भरलेली असते, आले की बसले की निघाले. कुठल्या नियमात हे नव्हतं. एकमेकांसाठी करायचं, बस्स.

वकीलीण डेपोच्या मागच्याच गल्लीत राहायची, त्यामुळे पहिली तीच यायची. थंडीत तर हमखास. पूर्वी किल्ल्या भिंतीवर टांगलेल्या असायच्या. डब्या आल्यावर किल्ल्या गेल्या आणि कार्ड आली. ज्याचं कार्ड लावून बस सुरू झाली, त्याचं नाव त्या बसवर चढायचं. ड्रायव्हरने येऊन आपलं कार्ड लावलं, की आधीचं नाव उतरून त्याचं चढायचं. तेव्हा आता पहाटे रांगभर बसवर वकीलिणीचं नाव असायचं, आणि उजाडता उजाडता एकेक करून उतरायचं.

तिला कधी वाटलं नाही की हे बंद करावं? वाटलं होतं. एकदा घरी बोललीही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, सुरक्षेच्या बाबतीत फार काटेकोर. तो म्हणाला, "अगं, दुसऱ्याच्या गाडीवर आपलं नाव कशाला? दुसऱ्याच्या ताटात आपला हात कशाला?"

"तू गप रे. थंडीत कुडकुडत बसायचं का सगळ्यांनी, माझं नाव जपायला?"

असा तिचा स्वभाव. जगाला नियम शिकवायचे आणि स्वतः माणुसकीवर चालायचं.

त्या दिवशी तिची स्वतःची बस दुरुस्तीला लागली होती. रांग सुरू करून ती विश्रांतीच्या खोलीत जाऊन बसली, राखीव म्हणून. सगळे आले, कार्ड लावून गेले. मामा उशिरा आला, धावतपळत. बस धडधडत होती, हवा भरलेली होती, डबीवर हिरवा दिवा होता. हिरवा दिवा म्हणजे कार्ड लागलेलं. कुणाचं, ते बघायला खाली वाकून डबीवरचा छोटा पडदा वाचावा लागतो. मामा वाकला नाही. गिअर टाकला आणि निघाला.

बाजाराच्या वळणावर त्याने सायकलवरच्या एका म्हाताऱ्या शिंप्याला उडवलं.

शिंपी वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. मामाने बस थांबवली, लोकांच्या मदतीने त्याला उचललं, त्याच बसमधून दवाखान्यात नेलं. बसभर माणसांनी मामाला बघितलं. दवाखान्याच्या वॉर्डबॉयने बघितलं. पण डबीने बघितलं होतं वकीलिणीचं कार्ड. बसच्या डबीने तसं लिहिलं, मागच्या टॅक्सीच्या डबीने ते ऐकून घेतलं, सिग्नलच्या डबीने गाठ मारली, युनियनच्या कॉम्प्युटरने जपून ठेवलं. वेग जास्त, वळणावर ब्रेक उशिरा, चालक: वकीलीण. शहरभरच्या डब्या एका सुरात सांगत होत्या, आणि एकीनेही कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं.

पोलिसांनीही तीच नोंद उचलली. कष्ट कोणाला हवेत!

*

चौकशीचं पत्र आलं तेव्हा ती हसली होती. "अरे, सगळ्या डेपोला ठाऊक आहे." मग तिने करार काढला. सातव्या कलमावर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथून पुढे सरकेना.

वाट एकच होती. साखळीत खोडता येत नाही, पण पुढे जोडता येतं. 'त्या वेळी बस मी चालवत होतो', अशी दुरुस्तीची नोंद खऱ्या चालकाने स्वतःचं कार्ड लावून केली, की ती ग्राह्य. म्हणजे मामाने हात पुढे करायचा आणि एकदा कार्ड टेकवायचं. एवढंच.

ती मामाच्या घरी गेली. दोन खोल्या, दारात चपलांची नीट लावलेली ओळ. मामीने दार उघडलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर आलीच नाही. मामा खाटेवर बसला होता. खुंटीला नवा कोरा कोट टांगलेला. निवृत्तीनंतर कंपनीच्या ट्रेनिंग शाळेत शिकवायला घेणार होते त्याला. अट एकच, आयुष्यात एकही अपघात नको.

"मामा, कधी येताय कार्ड लावायला?"

मामा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला.

"मामा, मी बोलतेय."

"ऐकतोय गं पोरी." मग खुंटीवरच्या कोटाकडे बघत, "तू लढतेस. तुला सवय आहे. आज पडलीस तर उद्या उठशील. मी एकदा बसलो की बसलोच."

"म्हणजे माझ्या पाठीवर बसणार?"

"तसं नाही..."

"मग कसं? मी तुमच्यासाठी हवा भरून ठेवली, मामा. तुम्ही गारठू नये म्हणून. त्याचं हे?"

"तुला कोण सांगायला आलं होतं भरून ठेव म्हणून?"

हे वाक्य मामाच्या तोंडून निघालं आणि त्यालाच बसलं. त्याने मान खाली घातली. आत मामीच्या हातातलं भांडं वाजलं.

"नुसता हात हलवायचाय, मामा."

"तोच हलत नाही गं," मामा म्हणाला.

ती उठली. तिने जोडे पायात चढवले. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि संतापाला वाट सापडत नव्हती.

डेपोत तिने सगळ्यांना गाठलं. मामाशी बोला, म्हणाली. त्याला माझं ऐकवत नाही, तुमचं ऐकेल. सगळे माना हलवत होते, सगळ्यांना वाईट वाटत होतं. वाईट वाटून घेण्यात आमच्या माणसांचा हात कुणी धरणार नाही! पण मामाकडे कुणी गेलं नाही. म्हातारा माणूस, म्हणाले. आता शेवटी शेवटी त्याला कशाला. त्यातून ज्याने त्याने हिवाळाभर तिने भरलेली हवा वापरली होती, आणि कधी ना कधी ज्याचं त्याचं कार्ड लावायचं राहून गेलं होतं. चौकशी वाढली तर आपल्यापर्यंत यायची.

लांबड्या सर्वांत जास्त हळहळला. "ताई, मी तर उभा राहून सांगितलं असतं, मामा होता म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत निघाला तो. पण काय करणार? तोंडी साक्ष चालत नाही ना."

"हे मलाच सांगतोस, लांबड्या?"

"कलमच तसं आहे ना ताई. तुम्हीच..."

"हो रे. मीच."

*

चौकशीच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात शिंप्याला बघायला गेली. का गेली, तिलाही सांगता आलं नसतं. शिंप्याचा पाय वर टांगलेला. उशाशी त्याने दुसऱ्या पेशंटचा फाटका सदरा शिवायला घेतला होता, हात रिकामा ठेवायची सवय नव्हती म्हणून.

"मी त्या बसची ड्रायव्हर," ती म्हणाली. "म्हणजे, कागदावर."

शिंप्याने सुई थांबवली. चष्म्यावरून नीट पाहिलं. "छे! तू कुठली? मिशी होती त्याला. ही जाड. मला उचलताना रडत होता बिचारा. खांदे पण तुझे नव्हेत. मी मापं घेणारा माणूस आहे, बाई. एकदा बघितलेला खांदा विसरत नाही."

तिने त्याला उद्याच्या चौकशीचं सांगितलं.

"मी येतो ना सांगायला," शिंपी म्हणाला. "खुर्चीवरून न्या मला."

आणि तो आला. चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला त्याच्या मुलाने आणलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर मोठा पडदा. चौकशीसाहेब सज्जन होता, आवाज न चढवणारा. बाजूला मॅनेजर. शिंप्याने सगळं सांगितलं, मिशीसकट, खांद्यासकट. साहेबाने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही खरं बोलताय याबद्दल मला शंका नाही. पण हे मला लिहून घेता येत नाही."

"का? पाय माझा मोडला ना?"

"करारात तसं ठरलंय."

"कुठल्या गाढवाने ठरवलं?" शिंपी म्हणाला.

खोलीत कुणी हसलं नाही. मॅनेजर बाटलीचं झाकण फिरवत होता. वकीलीण म्हणाली, "मी ठरवलंय, बाबा."

मग मॅनेजरने घसा साफ केला. त्याने कागद तयारच आणला होता. "बाई, आमचं तुमच्याशी वैर नाही. युनियनने एवढं लिहून द्यावं, की सातवं कलम आम्ही मागे घेतो. तोंडी साक्ष दोन्ही बाजूंची चालेल. त्याच क्षणी या बाबांचं म्हणणं नोंदवू, बसमधल्या लोकांना बोलावू. संध्याकाळी तुम्ही मोकळ्या. युनियनची सही तुमचीच चालते."

तिने कागद घेतला. सवयीप्रमाणे बोट ठेवून वाचला, ओळ न् ओळ. त्यात 'आवश्यकतेनुसार' कुठे नव्हतं. फार स्वच्छ कागद होता. सही केली की ती सुटत होती. आणि उद्या सकाळी सुपरवायझर परत म्हणणार होता, माझ्यासमोर सही केली; दोन कारकून परत म्हणणार होते, आम्ही बघितली. शिंप्यासारखे साक्षीदार आयुष्यात एकदा भेटतात. कारकून रोज दहा ते पाच हजर असतात.

"साहेब, पेन आहे का?" तिने विचारलं. मॅनेजरने आपलं दिलं, टोपण काढून दिलं.

तिने कागदावर आडवी रेघ मारली. इतकी जोरात की कागद टरकला.

"तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय," साहेब म्हणाला. खरंच कळवळून म्हणाला.

"माझा पाय, माझा धोंडा."

"मग निष्कर्षाला कार्ड लावा. मान्य किंवा अमान्य."

"तिसरं काही नाही? या बाबांनी काय सांगितलं, ते नुसतं लिहून ठेवा. पुरावा म्हणून नको. पण लिहा."

"तशी जागा नाही त्यात."

ती यंत्राजवळ गेली आणि 'अमान्य' दाबून कार्ड टेकवलं. पडद्यावर ओळ उमटली, गाठ बसली, शहरभरच्या डब्यांत पोचली. निकाल मात्र तोच राहिला: तीन वर्षं लायसन्स रद्द. तोवर तिचं कार्ड कुठल्याही बसला लागणार नव्हतं.

घरी नवरा ताट वाढून बसला होता. ऐकल्यावर त्याने घास खाली ठेवला. "ज्यांच्यासाठी केलंस त्यातला एक तरी आला होता का तिथे?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग! जेव."

"तुझं डोकं एक दिवस आपल्या सगळ्यांना..." तो म्हणाला आणि थांबला. मग रागारागाने तिच्या ताटात जास्तीचं वाढलं.

*

कंपनीने तिला काढलं नाही. बस धुवायच्या कामाला लावलं. काढली असती तर लोक बोलले असते. धुवायला लावल्यावर कुणी बोलत नाही. ती रबरी बूट घालून, हातात पाण्याचा पाइप घेऊन, जी चालवायची ती बस धुवायची. पहाटे आता कुणीच कुणाची बस सुरू करत नाही. ज्याची त्याने करावी, अशी चिठ्ठी लागली आहे भिंतीवर. सगळे कुडकुडत बसतात. वर्षभरात सातव्या कलमाने दोन ड्रायव्हर वाचले. त्यातला एक लांबड्या. तो पेढे वाटायला आल्यासारखा हसत तिच्याकडे आला, "ताई, तुमच्या कलमाने वाचवलं बघा." तिने पाइप बंद केला नाही. "डबीला सांग जाऊन. मला काय सांगतोस?"

मामाच्या निवृत्तीचा समारंभ डेपोच्या शेडमध्येच झाला. तिला बोलावलं नव्हतं, पण ती तिथेच कामावर होती, त्यामुळे न बोलावूनही काही उपयोग झाला नाही. मॅनेजरने मोठ्या पडद्यावर मामाची साखळी दाखवली. इतके किलोमीटर, इतकी वर्षं, आणि खाली ठळक अक्षरांत: अपघात शून्य. "ही आमची शाबासकी नाही," मॅनेजर म्हणाला, "ही न खोडता येणारी नोंद आहे." मामाला फुलांचा गुच्छ दिला. अंगात तो नवा कोट होता. तो खांद्यात जरा सैल होता.

मग ती पुढे आली. बूट ओले, फरशीवर पाण्याचे ठसे उमटत होते. कुणी तिला अडवलं नाही. तिने मॅनेजरच्या हातातून माइक घेतला. सगळ्या शेडमध्ये नळाचं टपटपणं तेवढं ऐकू येत होतं.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "मामांच्या नावावर एकही अपघात नाही. हे खोटं आहे असं म्हणायची इथे कुणाला सोय नाही, कारण ती सोय मीच बंद केली. तुम्ही सगळे तेव्हा टाळ्या वाजवत होता. आता पण वाजवा."

कुणी हललं नाही. लांबड्या खाली बघत होता. मग एका कारकुनाने, प्रसंग सावरायला म्हणून, दोन वाजवल्या. त्याच्यामागे आणखी एकाने. मग सगळ्यांनीच. मामाने गुच्छ काखेत धरला आणि त्यानेही वाजवल्या, तिच्याकडे बघत, डोळे पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून तसेच वाहू देत.

टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग माइक मॅनेजरच्या हातात ठेवला आणि शेडच्या मागे गेली. दोन बस धुवायच्या राहिल्या होत्या.